नव्वद किलो गहू आणि यादीत नसलेली वस्तू

काकू, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मिस्टर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, मी घरी शिकवण्या घेते. सासूबाई आणि दोन मुली धरून आम्ही पाच माणसं. सासूबाईंना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. पंधरा दिवसांपूर्वी ह्यांच्या ग्रुपवर कुठल्याशा नव्या तापाची क्लिप आली, 'परत सगळं बंद होणार, आत्ताच भरून ठेवा' अशी. तेव्हापासून हे कामावरून येताना रोज काहीतरी घेऊन येतात. आतापर्यंत ९० किलो गहू, ४० किलो तांदूळ, तेलाचे दोन डबे, २५ किलो साखर, साबणाचा खोका, पाच लिटर सॅनिटायझर, तापाच्या गोळ्यांची २० पाकिटं आणि कसल्या तरी अँटिबायोटिकची पाच. ज्वारी तर उन्हाळ्यातच भरलेली आहे. मुलींची खोली गोदाम झाली. माझी भिशी लागली होती, ते पैसे फीसाठी ठेवले होते, तेही त्यात गेले. काही बोललं की म्हणतात, "२०२० विसरलीस का?" तेव्हा आम्ही अशोक चौकाजवळ भाड्यानं राहायचो. गल्लीला पत्रे ठोकले होते आणि आठ महिन्यांच्या थोरलीची दूध पावडर संपली होती. हे रात्री चालत निघाले, दोनदा अडवून परत पाठवलं, तिसऱ्यांदा बोळातून गेले आणि पहाटे एक डबा घेऊन आले. ते मी विसरलेली नाही. पण परवा शेजारच्या विड्या वळणाऱ्या ताई किलोभर साखर उसनी मागायला आल्या, तर हे दारातच म्हणाले, "आमच्यातच नाही." मला रात्रभर झोप लागली नाही. मी निष्काळजी आहे, की ह्यांचं चुकतंय? आणि ह्या सगळ्याचं आता करू काय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

अगं, तुझं पत्र वाचून मला आधी तुझ्या नवऱ्याचा राग आला आणि मग माझाच. तो दारात जे बोलला तेच मी एकदा गल्ल्यावर बसून बोलले आहे.

साखर पेठेत आमचं किराणा दुकान होतं. ३५ वर्षं मी तिथं बसले. २४ मार्च २०२०, मंगळवार. रात्री आठला टीव्हीवर २१ दिवसांच्या बंदची घोषणा झाली आणि साडेआठला दुकानासमोर गल्ली भरली. किराणा चालू राहणार आहे, असं सांगून सांगून माझा घसा बसला, पण ऐकतंय कोण? एरवी तीन दिवसांत खपायचा तेवढा माल दीड तासात गेला. एका गिऱ्हाइकाच्या घरी दोन्ही वेळेला भाकरी, भात म्हणजे सणाला. त्यानंही २५ किलो तांदळाचा कट्टा खांद्यावर मारला. का, तर पुढच्यानं घेतला म्हणून. सगळ्यात शेवटी यंत्रमागावर कांड्या भरणारी एक बाई आली, हातात शंभराची नोट. पाव किलो तूरडाळ द्या म्हणाली. मी म्हटलं, "संपली." डाळीचे दोन कट्टे आत होते. एक दिराकडं, एक भावाकडं पाठवायचा म्हणून मीच पोत्यांच्या मागं सारले होते. ती "बरं" म्हणाली आणि मसूर घेऊन गेली. भांडली असती तर मी विसरूनही गेले असते.

तो तांदळाचा कट्टा जूनमध्ये परत आला. आत जाळ्या धरलेल्या आणि पोरकिड्यांची रांग. "काकू, बदलून द्या की." मी काय उत्तर दिलं ते इथं छापता येणार नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. निष्काळजी तू नाहीस. आणि घरात चार जिन्नस जास्त ठेवणं हीही काही त्याची चूक नाही. बेगमी करणं आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, बाजारात आवक झाली की भाव जरा उतरतो, तेव्हा वर्षाची मालदांडी घ्यायची, गच्चीवर दोन उन्हं द्यायची, कडुलिंबाचा पाला घालून कोठी भरायची. जुन्या वाड्यांतून तर जमिनीखाली पेवं असायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. धान्यानं आतली हवा खाल्लेली असते, माणूस गुदमरून जागीच आडवा होतो. म्हणून आधी दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. बेगमीतही जीव जाऊ शकतो हे त्या लोकांना माहीत होतं.

आणि भीती म्हणशील तर तीही मला परकी नाही. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी यायची, तिला सगळे मिलो म्हणायचे. तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, ती आम्ही पोरं फ्रॉकच्या ओच्यात घेऊन यायचो. माझ्या आईनं त्यानंतर मरेपर्यंत घरात एक पोतं ज्वारी जादा ठेवली. त्याला आम्ही 'बाहत्तरचं पोतं' म्हणायचो. पण आईनं ते पोतं कधी दुष्काळाची बातमी ऐकून आणलं नाही. सुगीत आणायची, स्वस्त असताना, आणि पुढची सुगी आली की ते खायला काढून त्या जागी नवं ठेवायची. तुझा नवरा करतोय ते वेगळं. क्लिप ऐकायची, पोटात गोळा आणायचा आणि त्याच संध्याकाळी दुकानात जायचं. त्या संध्याकाळी सगळं गाव तिथंच असतं.

दुकानाच्या आतून ते कसं दिसतं हे सांगते, कारण गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. समज, एका दुकानावर ५० घरं महिन्याचा बाजार भरतात. दुकानदार हिशोबानं तेवढाच माल ठेवतो, पैसा अडकवून कोण ठेवणार? आता त्या ५० घरांनी एकाच दिवशी तीन-तीन महिन्यांचं भरायचं ठरवलं, तर सतराव्या घराला अर्धवट मिळतं आणि पुढची ३३ घरं रिकामी पिशवी घेऊन परत जातात. देशात धान्य कमी पडलेलं नसतं. मार्च २०२० मध्ये सरकारी गोदामांत पाच कोटी टनांहून जास्त गहू-तांदूळ पडून होता. एप्रिलपासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट वाटलं ते त्यातलंच. अडलं होतं ते ट्रकवाल्यापाशी, गावी गेलेल्या हमालापाशी, डाळमिलच्या कामगारापाशी. आठ-दहा दिवस कळ काढली की गाडी रुळावर येते, आणि आलीही. पण त्या आठ-दहा दिवसांत कोण होरपळतं? आठवड्याच्या पगारावर जगणारं घर, हजार विड्यांच्या मजुरीवर चालणारं घर. ते तीन महिन्यांचं भरूच शकत नाही. त्याला रोजची पाव किलो डाळ रोजच लागते. तुझ्या शेजारच्या ताई त्यातल्या.

आता तुझ्या घराचं गणित. पाच माणसांना, त्यात दोन लहान, महिन्याला सगळं धान्य मिळून माझ्या अंदाजानं ४० किलोच्या आसपास लागतं. तुझ्याकडं नुसते गहू-तांदूळच १३० किलो. म्हणजे ज्वारीला हात न लावता सव्वातीन महिने. तेलाचे दोन डबे म्हणजे ३० किलो, सहा महिन्यांना मरण नाही. आपल्या शहरात सगळ्यात कडक बंद जुलै २०२० मधला, तो दहा दिवसांचा होता. गल्ली सील झालेल्यांचे दिवस जास्त गेले, कबूल. तरी महिनाभराचं घरात असलं की पुष्कळ झालं, आणि ते तुझ्याकडं क्लिप यायच्या आधीपासूनच होतं. उन्हाळ्यात ज्वारी भरणाऱ्या बाईला निष्काळजी कोण म्हणेल? वर कोनाड्यात कडक भाकरीची चवड आणि बरणीत शेंगाचटणी असली की चार दिवस चूल नाही पेटली तरी सोलापूरकर उपाशी मरत नाही.

पण मला खटकलं ते वेगळंच. तू पाठवलेली यादी मी पेन्सिल घेऊन पुन्हा वाचली. गहू आहे, साखर आहे, साबण आहे. सासूबाईंचं इन्सुलिन नाही.

त्या रात्री तुझा नवरा ज्याच्यासाठी वणवणला ती दूध पावडर होती. गहू तेव्हाही घरात असेल. ज्याच्या जागी दुसरं काही चालत नाही अशी ती एकच वस्तू होती, आणि तीच संपली होती. आता थोरली सहा वर्षांची आहे, भाकरी खाते, नसली तर भात खाईल, भात नसला तर पोहे. आज तुमच्या घरात ज्याला पर्याय नाही अशी वस्तू सासूबाईंची आहे, आणि पंधरा दिवस रोज पिशव्या वाहणाऱ्या माणसाला ती आठवली नाही. त्याला हे टोमणा मारून सांगू नकोस. पण सांग. यादी पुढं ठेव आणि विचार, "आईचं औषध किती दिवसांचं आहे?" पुढचं त्याचं त्याला कळेल.

तेवढ्यात तुम्ही दोघं हे करा. डॉक्टरांना भेटून एक महिन्याचं जादा लिहून घ्या, इन्सुलिन, सुया आणि शुगर तपासायच्या पट्ट्या, तिन्ही. सहा महिन्यांचं घेऊ नका, कारण ते सांभाळणं सोपं नाही. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं. दाराच्या कप्प्यात नको, तिथं उघडझाप फार होते, आणि बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नको. एकदा गोठलं की ते फेकायचंच, वितळलं तरी उपयोग नाही. चालू असलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण तीस अंशांच्या आत. आता आपल्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो, तेव्हा घरातलं कपाटसुद्धा तीस अंशांत राहत नाही. वीज जास्त वेळ गेली तर माठात माठ करायचा: मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान माठ, लहानात घट्ट बांधलेल्या पिशवीत औषध, वर ओलं फडकं. जुनी युक्ती आहे, पण काम करते. बीपीच्या, थायरॉईडच्या गोळ्या कुणाच्या चालू असतील तर त्यांचंही तसंच, एक महिना जादा, आधी जुनं संपवायचं. दुकानात आम्ही हेच करायचो, नवा माल मागं, जुना पुढं.

औषधांचं निघालंच आहे तर त्या तापाच्या गोळ्यांचं. तापाची साधी गोळी घरात दोन पाकिटं असावी. मोठ्या माणसानं दिवसाला चार ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर जायचं नाही, जास्त झाली की लिव्हरवर जाते. सर्दीच्या तयार गोळ्यांतही बऱ्याचदा तेच औषध असतं, म्हणून ती भर धरायची. मुलांना वजनावर, डॉक्टर सांगतील तेवढंच. बाकीची १८ पाकिटं बिल दाखवून परत होतात का बघ. अँटिबायोटिक मात्र घरात नकोच. व्हायरसच्या तापावर ते चालत नाही. मनानं दोन-चार गोळ्या घेऊन सोडल्या की जंतू निबर होतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. मार्च २०२० मध्ये मलेरियाच्या एका गोळीनं कोरोना होत नाही अशी आवई उठली, तुला आठवत असेल. माझ्या धाकट्या बहिणीला संधिवात, तिची ती रोजची गोळी. एका आठवड्यात मेडिकलमधून गायब. धडधाकट माणसांच्या कपाटात पडून, आणि माझी बहीण सकाळी बोटं मिटता येत नाहीत म्हणून रडतेय. शेवटी सरकारनं २६ मार्चला आदेश काढून चिठ्ठीशिवाय तिची विक्री बंद केली. पुढं मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा ती गोळी कोरोनावर निरुपयोगीच ठरली.

आणखी एक. कुठली साथ आहे हे कळल्याशिवाय सामान आणून उपयोग काय? जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसची, म्हणजे हातापायांतलं बळ जाणाऱ्या आजाराची, साथ आली, आपल्याकडंही लोक हादरले. तो आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. संशय दूषित पाण्यावर होता. तिथं पाणी उकळून पिणं आणि उघड्यावरचं न खाणं एवढंच करायचं होतं, तांदळाच्या कट्ट्यानं काय होणार? त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या शहरात कावळे मरून पडले आणि बर्ड फ्लू निघाला. तिथं मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, कोंबडी-अंडी नीट शिजवून खायची. जुलाबाची साथ असेल तर ओआरएसची पाकिटं हवीत, खोकल्यातून पसरणारा ताप असेल तर मास्क आणि उघड्या खिडक्या. डेंग्यू असेल तर तापाची साधी गोळी चालते, पण अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्या, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन, मनानं घ्यायच्या नाहीत, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डेंग्यूवरून आठवलं, सोलापुरात खरी साठेबाजी पाण्याची. हसू नकोस. चार-पाच दिवसांआड नळ येतो, मग आपण टाकी, पिंप, घागरी, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा भरतो. दुसरा इलाजच नाही. पण डेंग्यूचा डास गटारात नाही, ह्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि वाळली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, नवं पाणी आलं की फुटतात. घासणीनं कडा खसाखसा घासायची, मग भरायचं, वर धोतराचं फडकं घट्ट बांधायचं. तुझ्या नवऱ्याला साथीविरुद्ध काहीतरी करायचंच आहे ना, तर नळ यायच्या आदल्या दिवशीचं हे काम त्याला दे. मी थट्टा करत नाही. घाबरलेल्या माणसाला हातांना काम लागतं. 'घाबरू नको' म्हटल्यानं कुणाची भीती गेलेली मी पाहिली नाही.

त्याच्याशी बोलायचं कसं, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. सासूबाईंसमोर नको, मुलींसमोर नको, आणि तो पिशवी घेऊन दारात उभा असताना तर अजिबात नको. जेवणं झाल्यावर, गच्चीवर. आधी त्या रात्रीचं विचार. कुठून कुठं गेला, कुणी अडवलं, डबा कुठं मिळाला. तू लिहिलंस ते बाहेरून दिसणारं आहे. परत पाठवलं तेव्हा त्याच्या मनात काय आलं ते त्यानं तुला कधी सांगितलं आहे का? पुरुष माणसं असलं काही बोलत नाहीत, पोती आणतात. मग वही काढा. घरात काय आहे, किती दिवस पुरेल, संपायला आलं की कोण आणणार. वही त्याच्याकडं राहू दे. सुपरवायझर माणूस आहे, स्टॉक मांडायची सवय असेलच. एकच अट घाल: वहीत जुनं संपल्याची खूण झाल्याशिवाय नवं येणार नाही, आणि भिशीच्या, फीच्या पैशाला हात नाही. ते भिशीचे पैसे त्यानं कधी आणि कसे परत करायचे हेही त्याच वहीत लिही. तिथं मऊ होऊ नकोस. भीती खरी असली तरी पैसे तुझे होते, विचारायला हवं होतं.

आलेल्या मालाचं म्हणशील तर ज्या कट्ट्यांची शिवण उसवलेली नाही ते बिल घेऊन दुकानात ने. आठ-पंधरा दिवसांत ओळखीचा दुकानदार थोडी घट धरून घेतो, मी घ्यायचे. गव्हाला दोन उन्हं दे, गार होऊ दे आणि एरंडेल चोळून भर. गरम गरम भरलेस तर कोठीत घाम धरतो. पण किडीच्या भीतीनं कुणी सेल्फॉसच्या गोळ्या आणायला सांगितल्या तर त्याला दारातूनच वाटेला लाव. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणसं मारतो, आणि त्या खोलीत तुझ्या मुली झोपतात. तेलाचा एकच डबा फोड. दुसरा तारखेच्या आत वापरात येईल असा वहीत मांड, उघडा राहिला तर खवट होतो. ज्वारी कितीही असो, पीठ आठ दिवसांचंच दळून आण. जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना काठाला फुटते आणि मग घरात सगळे म्हणतात, तुझ्या हाताला चव नाही.

साखरेचं मी शेवटाला ठेवलं, कारण मला त्याचाच विचार पडलाय. २५ किलो साखर तुम्हाला नको आहे, शुगरचं माणूस असलेल्या घरात तर नाहीच नाही. पण त्या ताईंच्या दारात तू जाऊन चालणार नाही. खोटं तो बोलला, जायचं त्यानंच. माफी वगैरे मागायला लावू नकोस, अवघडेल आणि जाणारच नाही. किलोभर साखर पिशवीत घालून दे, म्हणावं, "ताई, परवा होती घरात, मी नाही म्हटलं. ही घ्या." आणि वर दान दिल्याचा आव नको. त्यांनी उसनी मागितली होती, उसनीच द्यायची, परत आणून दिली की घ्यायची. उसनं देणंघेणं चालू असलेल्या आळीत प्रत्येकाच्या कोठीत पाच-दहा घरांचं धान्य असतं. मला हे दुकानात बसून कळायला ३५ वर्षं लागली. ती कांड्या भरणारी बाई पुढं दोन वर्षं आमच्याकडं यायची, कधी मीठ, कधी चहापूड. डाळ घेतली की मी दर वेळी पाव किलोला दोन मुठी जास्त घालायचे. एक दिवस तिनं तराजूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "काय करायलाव काकू, वजन नीट करा की."

सॅनिटायझरचा तो कॅन स्वयंपाकघरात असेल तर आज रात्रीच हलव. स्पिरिटच आहे ते, शेगडीजवळ नको. बाटलीभर काढून घे, बाकी कारखान्यात नेऊन द्यायला सांग, तिथं दिवसाला शंभर हात टॉवेल हाताळतात. आणि मुलींची खोली रविवारपर्यंत मोकळी कर.